हौसेला मोल नसते. मग भरपाई कोण करते?

तळटीप (धागाकर्ता)

एक यांत्रिक हातघड्याळ विकत घ्यावे की घेऊ नये, हा वरवर अगदी किरकोळ दिसणारा प्रश्न गेले वर्षभर माझ्या डोक्यात आहे. तो तितका किरकोळ नसावा अशी शंका बळावत चालल्यामुळे या मंचावर हा चर्चेचा धागा काढत आहे.

असे घड्याळ ज्यांनी उघडून पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. त्यात बॅटरी नसते. किल्ली दिली की एक चपटी कमान गुंडाळली जाते, ती उलगडताना दातेरी चाके एकामागून एक फिरू लागतात, आणि केसाइतक्या बारीक दुसऱ्या कमानीला जोडलेले एक इवलेसे चक्र डावीउजवीकडे झोके घेत त्या उलगडण्याला लगाम घालत राहते. हे सारे कितीही नजाकतीने जमवले, तरी अचूकतेचे स्वित्झर्लंडमधील अधिकृत प्रमाणपत्र मिळालेल्या घड्याळालासुद्धा दिवसाला सरासरी चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे जाण्याची मुभा असते. साध्या क्वार्ट्‌झ घड्याळाला एवढी चूक करायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे वेळ पाहणे हेच काम असेल, तर अनेक पटींनी अधिक पैसे मोजून मी ते काम अधिक वाईट करणारी वस्तू घेणार आहे. काम भागल्यानंतर जे उरते ती चैन, अशी व्याख्या केली तर माझे घड्याळ पहिल्यापासून शेवटपर्यंत चैनच आहे.

आता दुसरी बाजू. जागतिक बँकेने २०२५ च्या जूनमध्ये अतिदारिद्र्याची रेषा माणशी रोज तीन डॉलर अशी ठरवली. क्रयशक्तीच्या हिशेबाने, म्हणजे त्या त्या देशातल्या किमती लक्षात घेऊन, काढलेल्या या रेषेखाली आजही सुमारे ८० कोटी माणसे आहेत. मलेरियाने २०२३ मध्ये जवळपास सहा लाख लोक दगावले आणि त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेतील पाच वर्षांखालची मुले होती. कीटकनाशक लावलेली एक मच्छरदाणी केवळ काही डॉलरमध्ये तयार होते. पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने पूर्व बंगालमधील निर्वासितांच्या हालांच्या पार्श्वभूमीवर १९७२ मध्ये मांडलेला युक्तिवाद अनेकांना ठाऊक असेल. उथळ तळ्यात मूल बुडताना दिसले, तर कपडे खराब होतील म्हणून कोणी काठावर उभे राहत नाही. मग मूल दूर देशात आहे एवढ्यानेच आपले कर्तव्य कमी का व्हावे? मी या युक्तिवादातली चूक बरीच शोधली. ती सापडली असती तर घड्याळ केव्हाच मनगटावर आले असते.

मात्र विचार करताना मला जाणवले की चैनीविरुद्धचे आक्षेप दोन निरनिराळ्या खात्यांत मोडतात आणि आपण ते सर्रास एकत्र करतो. पहिले खाते न दिल्याचे आहे: हा पैसा अधिक गरजवंताकडे जाऊ शकला असता, तो गेला नाही. दुसरे खाते केल्याचे आहे: ही वस्तू बनताना किंवा वापरताना कोणाची तरी जमीन, हवा, पाणी किंवा शरीर बिघडले. पहिल्या खात्यात मी मदत करायला चुकलेला माणूस आहे, दुसऱ्यात मी इजा करणारा आहे. या दोन खात्यांची बेरीज-वजाबाकी करता येते का, याबद्दल सभासदांची मते वाचायला आवडतील. "आपला पैसा, आपली मर्जी" एवढाच प्रतिसाद असेल तर तो मला पाठ आहे.

शिंपला

धागा आवडला, पण 'चैन' या एका शब्दात फार काही कोंबले गेले आहे असे वाटते. आपल्या भाषेने इथे बारीक भेद करून ठेवलेले आहेत. हौस म्हणजे ज्यात मन रमते ते. तिला प्रेक्षक लागत नाही. चैन म्हणजे देहाला मिळणारा आराम. बडेजाव म्हणजे इतरांनी पाहावे म्हणून केलेला खर्च, आणि उधळपट्टी म्हणजे ज्यात स्वतःलाही फारसे सुख नाही असा खर्च. इंग्रजीतल्या 'लक्झरी'चे भाषांतर करताना आपण हे चारही एकाच पोत्यात भरतो आणि मग त्या पोत्याला एकच शिक्षा सुनावतो. तळटीप यांचे वर्णन वाचून तरी त्यांचे घड्याळ हौस या सदरात मोडते. तेच घड्याळ बाहीबाहेर दिसावे म्हणून घेतले तर सदर बदलते.

तरीही या सदरांच्या सीमा पक्क्या नाहीत. अॅडम स्मिथने १७७६ मध्येच नोंदवले होते की प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक लिननच्या सदऱ्यावाचून सुखाने जगले, पण त्याच्या काळच्या युरोपात एखाद्या इभ्रतदार मजुराला तसा सदरा नसताना चारचौघांत जायची लाज वाटली असती. म्हणून तो सदरा त्याने गरजेत धरला. गरज कोणती हे शरीर ठरवत नाही, भोवतालचे लोक ठरवतात. यातली गोची अशी की शेजारच्यांची चैन वाढत गेली की आपल्या गरजाही वाढतात. ज्याला आपण खासगी हौस म्हणतो तिचा असाही एक सार्वजनिक परिणाम असतो, आणि तो तळटीप यांच्या दोन्ही खात्यांत कुठेच लिहिलेला नाही.

वजाबाकी

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे, त्यामुळे थोडा रसभंग करतो. चैनीवर खर्च झालेला पैसा जाळला जात नाही, तो कोणाची तरी मजुरी होतो. बर्नार्ड मँडेव्हिल या लेखकाने १७१४ मध्येच उपरोधाने सुचवले होते की श्रीमंतांचा डामडौल अचानक थांबला तर सदाचार वाढेल आणि बाजार ओस पडेल. हे केवळ तीनशे वर्षांपूर्वीचे चातुर्य नाही. अमेरिकेने १९९० मध्ये कायदा करून पुढल्या वर्षापासून महागड्या नौका, खासगी विमाने, दागिने, फरचे कोट आणि मोटारी यांवर दहा टक्के चैनकर लावला. एक लाख डॉलरच्या वर जितकी किंमत असेल तेवढ्या भागावर नौकांना हा कर होता. श्रीमंतांनी नौका घेणे पुढे ढकलले किंवा जुन्या घेतल्या, आणि कर 'भरला' तो नौका बांधणाऱ्या सुतार, रंगारी आणि जोडाऱ्यांनी, आपली नोकरी गमावून. १९९३ मध्ये मोटारी वगळता बाकी सगळ्यांवरचा हा कर रद्द झाला. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की त्याच सुमारास मंदी होती, त्यामुळे सारा दोष कराच्या माथी मारता येत नाही. पण श्रीमंतांची चैन कमी केली की गरिबांचे भले होते, हे समीकरण इतके सरळ नाही, एवढे तरी यातून दिसते.

किनारा

वजाबाकी यांचा मुद्दा नेहमी मांडला जातो आणि नेहमी अर्धाच मांडला जातो. ज्या पैशाने नौका घेतली नाही तो पैसाही जाळला जात नाही. तो मच्छरदाण्यांवर खर्च झाला तर मच्छरदाणी विणणाऱ्याची, ती वाहून नेणाऱ्याची आणि गावोगाव वाटणाऱ्या आरोग्यसेविकेची मजुरी होतो. फ्रेंच लेखक बास्तिआ याने १८५० मध्ये फुटलेल्या काचेचे उदाहरण दिले होते: काच फुटल्याने काच बसवणाऱ्याला काम मिळाले हे डोळ्यांना दिसते, पण त्याच पैशातून चांभाराला मिळाले असते ते काम दिसत नाही. रोजगार दोन्हीकडे आहे. प्रश्न असा आहे की एवढ्या माणसांचे श्रम आणि कौशल्य कोणत्या कामाला जुंपले जावे. हजारो कुशल हात नौकेच्या आतल्या लाकडाला चकाकी आणण्यात गुंतले असतील, तर तेवढे हात दुसरीकडे नसतात. चैनीची खरी किंमत पैशात नसून या अडकलेल्या हातांत आहे.

सुतारांची नोकरी गेली ही गोष्ट गंभीरच आहे. पण त्यातून बदल सावकाश आणि आधार देत करावा, एवढेच निघते. नौका बांधत राहावे असे निघत नाही.

वजाबाकी

किनारा, तात्त्विकदृष्ट्या मान्य. पण न घेतलेल्या नौकेचा पैसा मच्छरदाणीकडे जातो हे तुम्ही गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात तो बहुधा शेअर बाजारात किंवा जमिनीत जातो. 'चैन की दान' अशी निवड माणूस सहसा करतच नाही. तो 'चैन की अधिक संपत्ती' अशी निवड करतो. तसे असेल तर मला चैन करणारा श्रीमंत कंजूष श्रीमंतापेक्षा बरा वाटतो.

अडसर

इतका वेळ सगळी चर्चा पहिल्या खात्याची चालली आहे. दुसऱ्याकडे वळू या, कारण मला तेच जड वाटते.

अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच विचारले होते की भातशेतीतून निघणारा मिथेन आणि श्रीमंत देशांतील मोटारींचा धूर एकाच तराजूत कसे तोलता येतील? एक जगण्यासाठी झालेले उत्सर्जन आहे, दुसरे चैनीसाठी. दोन वर्षांनी हेन्री श्यू या तत्त्वज्ञाने हाच भेद नीतिशास्त्राच्या परिभाषेत मांडला. त्यानंतर आकडे अधिकच बोलके झाले आहेत. ऑक्सफॅमने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार २०१९ मध्ये जगातील सर्वांत श्रीमंत एक टक्का लोकांच्या वाट्याला १६ टक्के कार्बन उत्सर्जन आले, आणि ते जगातील सर्वांत गरीब दोन तृतीयांश लोकांच्या, म्हणजे सुमारे ५०० कोटी माणसांच्या, एकत्रित उत्सर्जनाइतके होते. अशा हिशेबात गृहीतके बरीच असतात हे मला माहीत आहे, पण चित्राचा आकार त्याने बदलत नाही.

विमानप्रवासाचे पाहा. स्टेफान गॉसलिंग आणि आंद्रेआस हुम्पे यांच्या अभ्यासानुसार २०१८ मध्ये जगातील सुमारे ११ टक्के लोक विमानात बसले, परदेशी विमानप्रवास करणारे जास्तीत जास्त चार टक्के होते, आणि प्रवासी विमानांच्या कार्बन उत्सर्जनातील निम्म्याहून अधिक वाटा एक टक्का लोकांचा होता. त्यातही पुढच्या प्रशस्त वर्गातील आसन मागच्या साध्या आसनापेक्षा सुमारे तिप्पट इंधनाचे देणे लागते. याचे कारण साधे आहे. विमानात जागा मोजकी असते आणि तिथे एक माणूस तीन माणसांची जागा अडवतो.

आणि मोठ्या खासगी नौका! रिचर्ड विल्क आणि बियाट्रिस बॅरोस यांनी २०२१ मध्ये केलेल्या अंदाजानुसार कायमस्वरूपी खलाशी असलेली एक महानौका वर्षाला सुमारे ७,००० टन कार्बन डायऑक्साइड सोडते. जगातील सरासरी माणसाचे वर्षाचे उत्सर्जन पाच टनांच्याही आत आहे. मालक नौकेवर नसतानाही तिची जनित्रे चालू असतात, कारण आतले वातावरण थंड आणि कोरडे राखले नाही तर लाकूड आणि चामडे खराब होते.

आता तळटीप यांच्या घड्याळाकडे येतो. त्यात थोडेसे पोलाद आहे आणि बाकीची सगळी किंमत कारागिराच्या वेळेची आणि नावाची आहे. ते चाळीस वर्षे चालेल. एखाद्या स्वस्त तिकिटावर केलेला दूरचा विमानप्रवास मात्र दोन दिवसांत टनभर कार्बन हवेत सोडून मोकळा होतो. चैन जितकी महाग तितकी घातक, असा काही नियम नाही. बऱ्याचदा उलटेच असते, कारण महाग वस्तूत माणसाचे श्रम जास्त आणि इंधन कमी असते. नैतिक राग मात्र आपल्याला किमतीच्या चिठ्ठीवर येतो, धुरावर येत नाही.

काजवा

अडसर यांच्या शेवटच्या परिच्छेदाला पुरवणी म्हणून काश्मिरी लोकरीची गोष्ट सांगतो. काही वर्षे मी लोकर खरेदीच्या कामात होतो, त्यामुळे हा विषय मला जवळून माहीत आहे.

ही लोकर ज्यांच्यापासून मिळते त्या शेळ्यांच्या राठ केसांखाली कडाक्याच्या थंडीत मऊ लवीचा एक थर येतो. वसंतात ती लव सुटू लागली की शेळीला आडवी पाडून, पाय बांधून, लांब दातांच्या फणीने ती विंचरून काढतात. फणीत येतो तो करड्या-तपकिरी रंगाचा, तेलकट, धुळीने आणि जाड केसांनी भरलेला गुंता. हातात घेतला तर याचे काही मऊ होईल यावर विश्वास बसत नाही. धुऊन आणि जाड केस वेगळे करून झाले की एका शेळीमागे वर्षाला जेमतेम दीडशे-दोनशे ग्रॅम हाती लागते. एका स्वेटरला दोन ते चार शेळ्यांची वर्षभराची लव लागते, ती याच हिशेबाने.

पूर्वी ही वस्तू इतकी महाग होती की ती घेणारे मोजकेच होते. मंगोलियात १९९० नंतर सामुदायिक पशुपालनाची व्यवस्था मोडली, कळप खासगी झाले, आणि ज्यांची सरकारी नोकरी गेली असे अनेकजण शेळ्यांकडे वळले. त्याच काळात यंत्रे सुधारली, दुकानांनी भाव पाडले, आणि जी वस्तू आयुष्यात एकदा घ्यायची ती दर हिवाळ्यात नव्या रंगात घेण्याची झाली. शेळ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. शेळी गवत बुडख्यापर्यंत खाते आणि तिचे टोकदार खूर माती उकरतात. कुरण विरळ झाले की जनावरे हिवाळ्याआधी अंगावर चरबी धरू शकत नाहीत, आणि मग बर्फाच्या ज्या आपत्तीला तिकडे 'द्झुद' म्हणतात ती आली की लाखोंनी मरतात.

ही गोष्ट मी दोन कारणांनी सांगतो. एक म्हणजे कुरणाचे नुकसान चैन महाग होती तेव्हा कमी होते; ती स्वस्त होऊन सर्वांच्या आवाक्यात आली तेव्हा ते वाढले. 'सर्वांना परवडणारी चैन' हे वाक्य कानाला मोठे लोकशाहीवादी वाटते, पण कुरणाला लोकशाही कळत नाही. दुसरे कारण अधिक अवघड आहे. मी उद्यापासून ती लोकर घेणे बंद केले तर दुसरे खाते सुधारेल, पण पहिल्या खात्यातला माणूस, म्हणजे तो गुराखी, अधिक गरीब होईल. कळप वाढवण्यामागे त्याचा लोभ नसतो. भाव पडला की तेवढेच उत्पन्न मिळवायला त्याला अधिक शेळ्या पाळाव्या लागतात. तळटीप यांनी दोन खाती वेगळी केली ते बरे केले, पण बऱ्याचदा ती एकाच माणसाच्या नावावर असतात.

मला सुचलेले उत्तर एवढेच: कमी घ्यावे, जास्त पैसे देऊन घ्यावे, आणि विरेपर्यंत वापरावे. ते पुरेसे नाही, कारण जास्त दिलेले पैसे गुराख्यापर्यंत पोहोचतातच असे नाही. खरेदीच्या खात्यात बसून मी तो भाव खालपर्यंत पोहोचताना पाहिलेला नाही.

निमित्तमात्र

काजवा यांचा प्रतिसाद वाचून काही वेळ थांबलो. मला पुन्हा सिंगरकडे जायचे आहे.

त्या युक्तिवादाची अडचण त्याच्या तर्कात नाही, त्याला थांबा नाही ही आहे. एक मूल वाचवून घरी निघालो की पुढच्या तळ्यात दुसरे मूल आहे, आणि त्यापुढे तळीच तळी. शेवटी मी स्वतः गरजवंत होण्याच्या उंबरठ्यावर येईपर्यंत देत राहावे, असा त्याचा कडक अर्थ होतो, आणि सिंगर यांनी तो तसा मांडलाही होता. सोबत एक सौम्य पर्यायही दिला होता. ज्या नियमाने जगताना कोणालाही वाचन, संगीत, प्रवास, मैत्री यांना वेळ आणि पैसा देता येणार नाही, तो नियम माणसांसाठी आहे का, अशी शंका येते.

आणखी एक गोष्ट. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी अतिगरीब कुटुंबांच्या खर्चाचा अभ्यास केला, तेव्हा दिसले की हातात चार पैसे अधिक आले की ते सगळे पोटात जात नाहीत. त्यातला लक्षणीय भाग करमणूक आणि समारंभ यांवरही जातो. आपण त्याला 'गैरवाजवी' म्हणणे मला उद्धटपणाचे वाटते. हौस ही पोट भरल्यानंतरची पायरी नाही, ती अर्धपोटी माणसालाही असते. मग ती फक्त श्रीमंताच्याच बाबतीत पाप कशी?

दानाच्या परिणामांबद्दलही इतके निःशंक राहता येत नाही. अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांचा आक्षेप असा आहे की बाहेरून सतत येणाऱ्या मदतीमुळे सरकार आणि नागरिक यांच्यातले उत्तरदायित्वाचे नाते सैल होते. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये ठरवले. अर्ध्याहून अधिक शतक उलटले तरी हातावर मोजण्याइतकेच देश तिथवर पोहोचतात. जे ओझे करांतून आणि धोरणांतून उचलायचे ते एका माणसाच्या मनगटावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

किनारा

निमित्तमात्र, डीटन यांचा आक्षेप मोठ्या सरकारी मदतीला अधिक लागू पडतो. मच्छरदाणीमुळे कोणाचे उत्तरदायित्व सैल झाल्याचे मला तरी पटत नाही. आणि "हे सरकारचे काम" हे वाक्य बरोबर असले तरी ते उच्चारल्यानंतर आपण बहुधा खरेदीलाच निघतो, हे आपण दोघेही जाणतो.

गरिबाच्या हौसेचा मुद्दा मात्र मी स्वीकारतो. त्यातून श्रीमंताच्या हौसेला सूट मिळते असे नाही. हौस ही गरजेच्या यादीत वर सरकते, म्हणजे ती सर्वांना मिळायला हवी, असे मात्र निघते.

तळटीप

सर्वांचे आभार. काही गोष्टी मला नव्याने दिसल्या, त्या लिहितो.

पहिले खाते चालू खात्यासारखे आहे. त्यात आज कमी भरले तर उद्या जास्त भरता येते. घड्याळ घेतले आणि तेवढीच रक्कम मलेरियासाठी दिली, तर चैनीवर स्वतःच शंभर टक्के कर लावल्यासारखे होते. तेवढ्याने सिंगरचे समाधान होणार नाही, पण निमित्तमात्र म्हणतात तसा थांबा कुठेतरी घ्यावाच लागणार असेल, तर तो इथे घेता येईल.

दुसऱ्या खात्याला असा कर लागू होत नाही, असे माझे मत आता पक्के झाले आहे. एखाद्याची विहीर नासवून दुसऱ्या गावात पाणपोई उघडली, तर पाणपोई चांगलीच आहे, पण विहीर नासलेलीच राहते आणि त्या विहिरीवरच्या माणसाला कोणी काही विचारलेले नसते. मातीतून सोने वेगळे काढताना पारा वापरणारा छोटा खाणमजूर हे याचे ढळढळीत उदाहरण आहे. माणसाच्या कृतींमुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा स्रोत अशा छोट्या खाणी आहेत. कच्च्या सोन्यातला पारा उडवायला मजूर तो गोळा विस्तवावर धरतो आणि ती वाफ त्याच्या आणि घरच्यांच्या फुप्फुसात जाते. त्या सोन्याच्या अंगठीच्या किमतीइतके दान मी कोणत्याही संस्थेला दिले तरी ती वाफ परत येत नाही. कार्बनची 'भरपाई' विकणाऱ्या योजनांबद्दल मला वाटणारा अविश्वास याच कारणाने आहे: त्या दुसऱ्या खात्यातले देणे पहिल्या खात्यातल्या चलनात चुकते करू पाहतात.

म्हणून माझ्यापुरता क्रम असा लागतो: आधी इजा तपासायची, मग दान.

वजाबाकी

क्रम पटला. पण तुम्ही घड्याळ जुने घेण्याचा विचार करत असाल, तर एक इशारा. जुनी वस्तू निर्दोष असते असे समजू नका. महागड्या घड्याळांच्या आणि पिशव्यांच्या बाबतीत नवी वस्तू घेणारा माणूस "पुढे विकता येईल" या हिशेबानेच हात सैल सोडतो. जुन्याला गिऱ्हाईक आहे म्हणून नव्याला भाव आहे. तुम्ही जुने घेऊन नव्याच्या किमतीला टेकू देत असता.

हा भाव कसा टिकवला जातो याचा पुरावा हवा असेल, तर बर्बरी या ब्रिटिश कंपनीचे पाहा. न खपलेला सुमारे २.८६ कोटी पौंडांचा माल तिने एका वर्षात नष्ट केल्याचे २०१८ मध्ये उघड झाले, आणि टीकेनंतर ती पद्धत बंद करत असल्याचे तिने जाहीर केले. उत्तम अवस्थेतला माल नष्ट करण्यामागचे कारण एवढेच, की तो स्वस्तात विकला गेला तर नावाचे वलय उतरेल. फ्रान्सने २०२० मध्ये कायदा करून न खपलेले कपडे नष्ट करण्यावर बंदी घातली आणि ती २०२२ पासून लागू झाली. शिंपला यांच्या भाषेत सांगायचे तर हौस विकणाऱ्याला माल नष्ट करावा लागत नाही, बडेजाव विकणाऱ्याला लागतो.

शिंपला

वजाबाकी, शेवटचे वाक्य माझ्या नावावर टाकल्याबद्दल आभार. ते माझे नाही, पण असायला हवे होते.

तळटीप, एक विचारते. घड्याळाचे काय ठरले? आणि एवढ्या चर्चेनंतर कोणी विमानाने सहलीला निघाले असेल तर तेही कळू द्या.

तळटीप

उत्तर द्यायला दोन महिने लागले, क्षमस्व.

घड्याळ घेतले. माझ्या जन्माच्या आसपास बनलेले आहे, काचेवर एक चरा आहे. जेवढे मोजले तेवढीच रक्कम मच्छरदाण्यांसाठी पाठवली. पाठवताना हात थोडा जड झाला हे लपवत नाही. यंदाची दूरची सहल रद्द केली आणि घरच्यांना कारण सांगितले. ते कोणालाही पटलेले नाही, मुलीने तर "मग घड्याळ कशाला घेतले?" असे सरळ विचारले. दोन खात्यांचा सिद्धान्त जेवणाच्या टेबलावर इतक्या सहज टिकत नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो.

वजाबाकी यांच्या इशाऱ्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हते. पण घड्याळ विकताना मागच्या झाकणावर काही कोरलेले असेल तर भाव बराच पडतो, असे विक्रेत्याकडूनच कळले. म्हणून तिथे स्वतःचे नाव कोरून घेतले. कोरणाऱ्याने यंत्र सुरू करण्यापूर्वी दोनदा विचारले, आणि दुसऱ्यांदा विचारताना घड्याळ माझ्या हातात परत देऊ केले.

दिवसाला अकरा सेकंद मागे पडते. रविवारी सकाळी जुळवून घेतो.